तिसरा साक्षीदार

प्रसेनजीत आला तेव्हा त्याच्या कपाळावर सात टाके होते आणि मुठीत एक चुरगळलेली चिठ्ठी.

"ताई, आमच्यातला कोण फुटला ते शोधून द्या. लग्नाच्या नोटिशीची मुदत संपायला अकरा दिवस उरल्यात."

आक्काताई हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर कोल्हापुरात खाजगी तपासाची कामं घेत. शेजारी वही घेऊन गुंडू मास्तर बसत. मास्तरांची सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात झाली. ऐकलेलं सगळं त्यांना लिहून घेता येई. त्यातून काय निघतं ते मात्र कधी कळत नसे, आणि याची त्यांना मनोमन लाज वाटे.

"पहिल्यापासनं सांग की," आक्काताई म्हणाल्या.

प्रसेनजीत गडमुडशिंगीच्या बौद्ध घरातला, दवाखान्यात लॅबमध्ये कामाला. क्रांती मुरगूडजवळच्या खेड्यातली, मराठ्यांची. बाप नाही, मामाच्या धाकात वाढलेली. दोघांनी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिली, वयाचे दाखले त्याच दिवशी जोडले. महिना सरला, हरकत आली नाही; आता नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न व्हायला हवं. शहरात मामाची माणसं फार, म्हणून लग्न गगनबावड्याच्या माथ्यावर, ओळखीच्या जोतीरामच्या एकाकी घरात ठरलं. जादा फी भरली की अधिकारी तिथं येतो. साक्षीदार तीन लागतात : प्रसेनजीतचा मित्र सयाजी, क्रांतीची वसतिगृहातली मैत्रीण प्रीती आणि स्वतः जोतीराम.

"कचेरीतल्या फळ्यावरच्या नोटिशीत लग्नाची जागा हुती?"

"न्हाई. नावं आणि पत्ते. जागा आम्हा पाच जणांना ठाऊक, आणि साहेबांना."

"आणि वेळ?"

"आधी अकरा. सोमवारी साहेब म्हणाले, नऊला उरकू. मी सगळ्यांना सोमवारीच सांगितलं. गुरुवारी नऊला आम्ही तयार, तर साहेबांची गाडी घाटात बंद पडली. अकराला पाच कमी असताना मामाची जीप आली. क्रांतीला आत कोंबून दार लावलं, मग माझ्यावर काठी चालवली. मामानं खिशातली पुडी सोडून तोंडावर तांदूळ मारले. 'घे, झालं तुझं लगीन.'"

चिठ्ठी क्रांतीची होती. 'मामा म्हणतो, तुमच्यातल्याच एकानं सांगितलं. तो कोण ते कळल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही.' शनिवारी प्रीती उत्तर नेणार होती.

"पोरगी सज्ञान हाय. येते म्हणाली तर पोलीस घेऊन मी आणते तिला," आक्काताई म्हणाल्या. "तुला कोण वाटतो?"

"वाटायचं काय त्यात? सयाजी. मराठा. शेवटी त्यांच्यातलाच. स्टँडवर चार माणसांत धरून दात पाडला त्याचा."

सयाजी पेठ वडगावला दूध संकलनावर भेटला. ओठ अजून सुजलेला होता.

"या पावणं. आरोपी हितंच हाय."

"तुला वेळ किती सांगितलेली?"

"नऊ. पहाटं पाचला उठून गेलतो की. काठ्या मीबी खाल्ल्या. त्ये सांगितलं का त्यानं?"

मास्तरांनी लिहिलं : फार तुसडा. संशयास्पद.

प्रीती वसतिगृहाच्या फाटकातच बोलली. "लग्नाच्या आदल्या शनिवारी क्रांतीनं मेसच्या मावशीकडनं हळद घेतली. पाय मुरगळलाय म्हणाली, पण लंगडत नव्हती. रविवारी गावाला गेली. वयाचा दाखला आणायचा राहिलाय म्हणे."

"घरी कुणाला भेटली?"

"घरी कशाला जातीय? मामानं बघितलं असतं तर? दुपारच्या गाडीनं परत आली. लई खूश होती."

गगनबावड्याला जोतीराम म्हणाला, "तांदूळ मीच झाडून काढलं. मूठ कुठली, पंचवीसेक दाणं. हळद-कुंकू लावल्यालं, वाळून खडखडीत."

परतताना मास्तर हळूच म्हणाले, "हाच असेल. दाणे कोण मोजतं एवढे?"

"फितूर माणूस दाण्यांबद्दल गप बसतो, मास्तर. उद्या मी मुरगूडकडं जाऊन येते. एकटीच."

शनिवारी दुपारी त्यांनी प्रसेनजीत आणि सयाजी, दोघांनाही खोलीवर बोलावलं. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले.

"तुमच्यातल्या कुणी सांगितलं असतं," आक्काताई म्हणाल्या, "तर वेळ बदलल्याचंही कळवलं असतं. मामा नऊला हजर असता. तो आला अकराच्या हिशोबानं. म्हणजे बातमी सोमवारच्या आधीची, आणि ती दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. साहेबांकडनंही गेली नाही. वेळ त्यांनीच बदललेली. मग रविवारी गावाकडं कोण गेलं? क्रांती. दाखल्यासाठी. पण दाखला तर नोटिशीबरोबरच दिलेला."

मास्तरांनी वहीची मागची पानं उलटली. होतं तिथं. त्यांनीच लिहिलेलं.

"आता तांदूळ. चेष्टाच करायची तर मामानं ताजे, पसाभर आणले असते. हे वाळलेले, मोजके, पुडीतले. ते त्यानं केले नव्हते, त्याच्या हाती पडले होते. लग्नाचं पहिलं आवतण गावदेवाला देत्यात. पोरीनं हळद घेतली ती अक्षतांसाठी. सोबत चिठ्ठी : वार, वेळ, ठिकाण. देवाला अर्धवट पत्ता कसा द्यायचा? देवळात ठेवली, हात जोडले, गाडी धरली. तिथला केरबा गुरव, त्यालाच भेटून आले मी. त्यानं ती वाचली आणि पुडी घेऊन मामाकडं गेला. चहाडी करायला न्हाई. कार्यात माझा मान काय, टोपी-टॉवेल कधी, एवढंच विचारायला. म्हातारा अजून टोपीची वाट बघतोय."

"मी तिला म्हटलं होतं," प्रसेनजीत पुटपुटला, "देव-बीव काही नको. नुसत्या सह्या."

"म्हणून तर चोरून गेली."

"म्हणजे कुणीच फुटलं नाही!" मास्तरांना भरून आलं. आता हे दोघं एकमेकांच्या गळ्यात पडतील असं त्यांना वाटलं.

प्रसेनजीत जागचा हलला नाही. "हे तिला कळवायचं न्हाई."

"का?"

"देवालाच मंजूर नव्हतं म्हणंल आणि बसंल मामाच्या घरात जन्मभर. मी वळखतो तिला." त्यानं प्रथमच सयाजीकडे पाहिलं. "सयाजीचं नाव कळवू."

"माझ्या तपासाचं उत्तर ते न्हवं," आक्काताई म्हणाल्या.

"उत्तर तुमचं. चिठ्ठी माझी. मास्तर, कागद द्या."

मास्तरांनी कागद दिला. का दिला, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"लिव की," सयाजी म्हणाला. "दात तर पडलाच हाय. पण बापाचं नावबी घाल, गावात सयाजी लई हाईत. आणि माझ्या आईला मी खरं सांगणार. तुला जेवायला वाढलंय तिनं."

प्रसेनजीतनं लिहिलं. मग चाचरत म्हणाला, "येत्या गुरुवारी... परत लग्न लावताना... सहीला..."

"खुळा का काय? फितूर माणूस साक्षीला येतो व्हय?"

सयाजीनं उंबऱ्यावर चपला चढवल्या. आक्काताई उठून खिडकीशी गेल्या.

"मास्तर," प्रसेनजीत म्हणाला, "तिसरी सही तुम्ही कराल?"

जिन्यावरून पावलं खाली जात होती. ती ऐकू येईनाशी झाल्यावर मास्तरांनी वही मिटली.

"करतो," ते म्हणाले.