मागं बघत चालणारी गाडी

"त्या गाडीवाल्याच्या वाटंला जाऊ नगंस, सूनबाई. त्याची नजर सारखी मागं असती," सासूबाई, द्वारकाबाई म्हणाल्या, तेव्हा विजयमाला नुसती हसली होती. पुण्याच्या कॉलेजात शिकलेली, निरवांगीच्या शाळेतली मास्तरीण ती. नवरा देवाघरी गेलेला, पदरात बोबडं बोलणारी रतन. तिला भीती वाटायची ती विहिरीच्या काठाची, बैलाच्या शिंगाची, चुलीतल्या निखाऱ्याची... रतनच्या आधी तिची नजर तिथं पोचायची. गाडीवाल्याची कसली भीती?

गाडी आली तीच मुळी उलटी. महायुद्धात पुण्याच्या तळावर विमानं ओढणारा तो बुटका, रुंद ट्रॅक्टर ह्या गाडीवाल्यानं, हिंदुरावांनी, भंगारातून उचलला होता, आणि आता बैल त्यालाच ओढत होते! बैल दमले ते नेमके तिच्या दारच्या लिंबाखाली.

"बाई, स्टोची पिन हाय का?"

"एवढ्या धुडाला स्टोव्हची पिन?"

"धूड मोठं असलं तरी नाक बारीकच असतंय. चोंदलंय."

दुसऱ्या दिवशी पिन परत आली... आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मागणं आलं.

"इंदापुरात विकत मिळते की!"

"मिळती. पण ती तुमच्या घरची नसती."

ती तडक आत गेली — आणि कशाला आत आलो, हेच विसरली.

लिंबाखाली गंज खरवडला जात होता. जाम झालेलं इंजिन रॉकेलात भिजत होतं. एका सकाळी गाडी खोकली, काळा धूर ओकली, नि धडधडायला लागली. रतननं टाळ्या पिटल्या. विजयमालाच्या छातीतही काहीतरी धडधडत होतं. गाडीचंच असेल...

नव्या साखर कारखान्याचा ऊस पिळायचा अवजड लोखंडी रूळ गाड्यावर लादलेला, कालव्याच्या अलीकडे अडून पडला होता. तो पलीकडे नेला, तर हिंदुरावांना सांगवीकडं कायमचं काम; नाहीतर ते परत पुण्याला. जावेत, बरं होईल, असं तिला वाटलं. पण स्टोव्हची पिन तिनं डब्यात न ठेवता हाताशीच ठेवली.

पूल अरुंद. सगळा गाव जमलेला.

"बाई, तुमी बाजूनं चाला. हात वर म्हंजी येऊ द्या, खाली म्हंजी थांबा. इमानाच्या पंखाबरोबर असंच कुणीतरी चालतं."

"मीच का?"

"समदे गाडीकडं बघत्यात. तुमी एकट्याच चाकाकडं बघताय."

रतनला सासूबाईंच्या कडेवर देऊन ती निघाली. मधोमध मागल्या गाड्याचं चाक कठड्याला घासू लागलं. तिचा हात झटकन खाली आला, आणि ते अजस्र ओझं धक्कासुद्धा न बसता जागीच थांबलं. थोडं मागं, थोडं बाजूला... हात पुन्हा वर. सारा वेळ हिंदुरावांची मान मागं वळलेली. रुळाकडे बघताहेत, तिनं मनाला बजावलं. ओढणाऱ्याला मागं बघावंच लागतं.

दुसऱ्या दिवशी गाडी दारावरून गेली. त्यांची मान मागं वळलेलीच. आणि मागं तर काहीच जोडलेलं नव्हतं!

"आज मागं काय आहे बघण्यासारखं?" ती ओरडली.

गाडी थांबली. "हाय की... तुमी." मग आवाज उतरला. "सांगवीला काम लागलं. बाजूनं चालणारं माणूस पायजे. कायमचं. रतनसकट."

तिला हो म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "आणि सासूबाई?"

"मी हा उंबरा सोडायची न्हाय. माझ्या लेकाचं घर हाय," आतून द्वारकाबाई बोलल्या. विजयमालाची मान खाली गेली. "आन् आपल्यात दुसरं लगीन कुणी करत न्हाय, ह्ये बी खरं. पर पुलावर मी बगितलंय. तू हात खाली केलास, तवा ह्यो गडी जागच्या जागी थांबला. बाईच्या हाताला थांबणारा कुणी बगितलाय का गं ह्या गावात? जा."

नरसिंहपूरला देवापुढं माळा पडल्या. निघताना रतनला मांडीवर घेऊन ती गाडीवर बसली आणि मागं बघत राहिली. त्या गाडीवर बसणाऱ्याची नजर मागंच असते. उंबऱ्यात द्वारकाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मग त्यांनी हात वर केला. येऊ द्या.

निरवांगीवरून जाणार असाल, तर लिंबाच्या दारात जरा थांबा. द्वारकाबाईंना बऱ्या आहात का, असं विचारू नका. बरीच हाय, म्हणतील. चूल पेटलीय का, तेवढं बघा. आणि निघताना मागं वळा... हात वर आहे की खाली, ते सांगवीला कळवा.