आधी कोकण

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर पुणतांब्याला चला. श्रावणातली सकाळ आहे, ओसरीवर मोबाईल घेऊन एक मुलगी बसली आहे, तिचे वडील गहिनीनाथ फवारणीचा पंप पाठीला लावून उभे आहेत, आणि सारे घर तिच्या तोंडाकडे बघते आहे! हवामानाचा अंदाज ऐकल्याशिवाय या घरातले कोणी शेतात जात नसे, आणि तो वाचायचा मान अकरा वर्षांच्या रूपालीचा होता.

होता... ज्ञानेश्वरी येईपर्यंत.

ज्ञानेश्वरी तिची मामेबहीण. आई नसलेली. तिचे वडील गोरक्षमामा कोकणात खाडीपलीकडच्या शाळेत शिक्षक. नगर जिल्ह्यात बदली होईपर्यंत त्यांनी लेकीला बहिणीकडे ठेवले होते. मामा सात मुलांना घेऊन रोज सकाळी होडीने शाळेत जात. तिकडे इंटरनेट नव्हते, साधा फोन तेवढा धक्क्यावर लागे. म्हणून ते धक्क्यावरून फोन करत, ज्ञानेश्वरी कोकणचा अंदाज वाचून दाखवी, आणि मगच होडी सुटे.

"माझी ज्ञानू हितं बसून सात लेकरं सांभाळती!" आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणे, आणि रूपालीच्या काळजात काहीतरी रुते... त्या हातावर तर आपला हक्क होता ना!

एके सकाळी तिला राहवले नाही. "रोज हीच! मी कुणीच न्हाई का या घरात?"

"लाज न्हाई वाटत?" आई कडाडली. "बापाशी बोलायला तेवढी दोन मिनिटं मिळत्यात तिला!"

ज्ञानेश्वरीने क्षणभर मोबाईल छातीशी धरला, मग रूपालीच्या हातात ठेवला. "आत्या, नको ना रागवू. आजपासून रूपाच वाचंल. पप्पांना सांग, मी बरी हाय." आणि डोळे न दाखवता ती गोठ्याकडे निघून गेली.

रूपाली जिंकली! पण मत्सर शमतो कुठे... 'बघा, यातही तीच शहाणी ठरली!' तेवढ्यात फोन वाजला.

"ज्ञानू?" केवढा आनंद त्या आवाजात!

"मी रूपाली."

"बरं... रूपाताई का. काय म्हणतंय हवामान?"

त्या 'बरं'मधली निराशा तिला झोंबली. समोर लख्ख ऊन होते. तिने वरची नगरचीच ओळ वाचली, कोकणासाठी बोट खाली सरकवलेच नाही. "कोरडं हाय मामा. जावा खुशाल."

फोन बंद झाला. "वारं किती हाय गं?" वडिलांनी विचारले. तिने पुन्हा बघितले आणि या वेळी पान खाली सरकले. कोकण किनारपट्टी : लाल इशारा. सोसाट्याचा वारा, उंच लाटा. होड्या पाण्यात नेऊ नका, किनाऱ्यापासून दूर राहा.

सात मुले, मामा... आणि गोठ्यातली ती, जिला आई आधीच नव्हती!

"आई गं! मी मामाला खोटं सांगितलं!"

तिने मामांना फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी उचलला गेला.

"मामा, होडी सोडू नका! लाल इशारा हाय! मी नगरचंच वाचलं... मुद्दाम!"

पलीकडे वाऱ्याचा घोंगावणारा आवाज, आणि मग मामांची हाक, "पोरांनो, उतरा! सगळी खाली उतरा!" सगळी उतरल्यावर ते म्हणाले, "माझा एक पाय होडीत हुता गं... पहिला फोन मी विसरलो, रूपा. दुसरा लक्षात ठेवीन."

आईचा हात उगारला गेला. गोठ्यातून धावत आलेल्या ज्ञानेश्वरीने तो वरच्या वर धरला. "मारू नको, आत्या! तिनंच माघारी आणलं ना पप्पांना..." दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागल्या, आणि आईने दोघींनाही पदरात घेतले.

चार दिवसांनी खाडी शांत झाली, धक्क्यावरून पुन्हा फोन आला. मग रूपालीने काय केले, ठाऊक आहे? तिने मोबाईल ज्ञानेश्वरीच्या हातात दिला आणि तिच्या खांद्याला खांदा लावून बसली.

"आपल्याकडं वारं किती हाय?" वडिलांनी पंप सावरत विचारले.

"थांबा हो आण्णा," रूपाली म्हणाली, "आधी कोकण."