ब्रायनीचं शेवटचं वाक्य

लेन मेगिन्सनच्या दुकानात मासा तळून होईपर्यंत गिऱ्हाइकाला त्याच्या मुलीची कारकीर्द ऐकावीच लागे. स्कार्बरो गावात तळलेल्या मासे-चिप्सची दुसरी दुकानं नव्हती असं नाही, समुद्रावर तर रांगच होती. पण लेनचा हॅडॉक मासा खरोखर चांगला असे, तळणाची चरबी तो रोज गाळून घेई, आणि म्हणून लोक निमूट ऐकून घेत. भिंतभर ब्रायनीचे फोटो होते. शाळेच्या नाताळच्या नाटकात मेंढी झालेली ब्रायनी, लंडनच्या नाट्यशाळेतली ब्रायनी, टीव्हीवरच्या इस्पितळाच्या मालिकेत आल्या आल्या मेलेली ब्रायनी. मधोमध गेल्या वर्षीच्या सिनेमाचं पोस्टर होतं, त्यात तिचं नाव अगदी तळाला होतं आणि त्याच्याखाली लेनने पेनाने जाड रेघ ओढली होती.

"तुला कुणी विचारलं होतं का रे?" गल्ल्यावर बसणाऱ्या मिसेस जोवेट म्हणत. "त्या बिचाऱ्याला चिप्सवर फक्त व्हिनेगर हवं होतं."

"व्हिनेगर देतोच आहे की. वर थोडं ज्ञान. त्याचे पैसे लावत नाही, मिसेस जोवेट."

त्या जूनमध्ये तर त्याला अगदी आभाळ ठेंगणं झालं. ब्रायनी गावातल्याच कोरोनेट थिएटरात नव्या नाटकाला आली होती, आणि तेही मुख्य भूमिकेत. नाटक बंदरावर हेरिंग मासे साफ करणाऱ्या एका पोरीचं होतं. बाप, होणारा नवरा, पाद्री, सगळे तिच्या आयुष्याचे निर्णय तिच्यादेखत घेतात, आणि ती त्यांना फक्त तुटक उत्तरं देत राहते. शेवटी एकटी पुढे येते आणि प्रेक्षकांकडे बघून एकच वाक्य बोलते. लंडनची माणसं पहिल्या प्रयोगाला येणार होती. त्यांना आवडलं तर नाटक लंडनला जाणार होतं आणि ब्रायनीचं नशीब फळफळणार होतं.

सोमवारी दुकान बंद असे. दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर बापलेक पाठांतराला बसले. हा त्यांचा जुना रिवाज होता. तिचं ती म्हणे, बाकीच्या सगळ्यांचं लेन वाचे. तो तिची आई झाला होता, प्रियकर झाला होता, एकदा तर त्याने तिचा खूनही केला होता, आणि सगळं एकाच सुरात. चुकलं तर चुकलं म्हणून तो तोंडावर सांगे, आणि ब्रायनीचा दिग्दर्शकांपेक्षा त्याच्यावरच जास्त विश्वास होता.

शेवटच्या पानावर येऊन ती थांबली. "आणि मग शेवट," म्हणून तिने वही मिटली.

नाटकवाल्यांचा हा नेम लेनला चांगला ठाऊक होता. शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही. ते पहिल्या प्रयोगाला, भरलेल्या थिएटरपुढेच उच्चारायचं. तोवर नाटक अपुरं ठेवायचं, नाहीतर अपशकुन होतो. आजवर त्याने तो कधी मोडू दिला नव्हता. पण या खेपेला त्याला राहवेना.

"म्हण की एकदा."

"डॅड, नको हं."

"मी काय प्रेक्षक नाही? मेंढी झाली होतीस तेव्हा हातावर हात ठेवून बसले होते सगळे. टाळी कुणी वाजवली होती?"

"मी पडले होते तेव्हा. तूही ना!"

"लंडनच्या लोकांच्या आधी मला ऐकू दे, पोरी. आयुष्यभर सांगत सुटेन, पहिल्यांदा मी ऐकलं म्हणून."

"ते तू तसंही सांगशील," ती म्हणाली आणि हसली. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. बापाचं मन मोडणं तिला कधी जमलंच नव्हतं. ती उठून उभी राहिली. तिचे खांदे किंचित उतरले, चेहऱ्यावरून ब्रायनी नाहीशी झाली, आणि बंदरावरची ती पोर त्याच्याकडे बघून म्हणाली, "आता माझं ऐका."

आपल्या घरात, आपल्या चिप्सच्या वासात हे वाढलं, या विचाराने लेनला इतका अभिमान वाटला की छाती दुखली.

तेवढ्यात काउंटरच्या मागे, थंड पडलेल्या कढयांच्या पलीकडे, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सावकाश, एकेक करून, मनापासून. मग थांबल्या.

दोघांनी मागे जाऊन पाहिलं. मागच्या दाराला आतून कडी होती. बटाट्यांची पोती होती, चरबीचे डबे होते, बाकी काही नव्हतं.

"पाइप वाजतात इथले," लेन म्हणाला.

"हो, पाइपच असतील," ब्रायनी म्हणाली आणि तिने कोट घातला.

त्या संध्याकाळी दुकानावरच्या घरी जाताना जिन्यात थांबून ती त्याला काहीतरी म्हणाली. ओठ हलले, आवाज आला नाही. "काय म्हणालीस?" त्याने विचारलं. "गुड नाइट म्हटलं, बहिऱ्या," ती म्हणाली, आणि पुढे आणखी काहीतरी बोलून हसत वर गेली. ते पुढचंही त्याला ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून तालमीला जाताना तेच झालं. फोन ठेवताना तेच. बाकी सगळं तो स्वच्छ ऐके. निरोपाचं, शेवटचं, तेवढं नाही.

तो दवाखान्यात जाऊन कान तपासून आला. नर्स म्हणाली, या वयात इतके तल्लख कान तिने पाहिले नाहीत.

"स्वतःचीच बडबड ऐकून दमले असतील," मिसेस जोवेट म्हणाल्या. लेन हसला. ब्रायनीला त्याने काही सांगितलं नाही. पहिला प्रयोग तोंडावर आला होता, आणि आपल्या कानांची रड तिच्या गळ्यात घालायची त्याची इच्छा नव्हती.

प्रयोगाच्या संध्याकाळी कोरोनेट खचाखच भरलं. लेन निळा सूट घालून मिसेस जोवेटच्या शेजारी बसला आणि ओळीतल्या सगळ्यांना पेपरमिंट वाटून मुलीची ओळख करून देऊ लागला. मग दिवे मंदावले आणि तो गप्प झाला.

ब्रायनी सुंदर काम करत होती. तिच्याकडे पाठ करून माणसं बोलत, आणि ती हातातली सुरी पुसत राही. सगळं थिएटर फक्त ती सुरी बघत होतं. तिचा एकेक शब्द लेनला लख्ख ऐकू येत होता. तो मनात म्हणाला, कान ठणठणीत आहेत की. उगाच घाबरलो.

शेवटी बाकीचे निघून गेले. ती रंगमंचाच्या अगदी कडेला आली.

तिने लेनच्याच दिशेने पाहिलं.

ओठ हलले.

काही नाही. कुणाचा खोकला ऐकू आला, कुठे खुर्ची करकरली. तिचा आवाज नाही.

आणि सगळं थिएटर उठून उभं राहिलं. मिसेस जोवेट ढसाढसा रडत होत्या. "काय म्हणाली रे पोरगी! काय म्हणाली!" लेनही उठला आणि हात लाल होईतो टाळ्या पिटू लागला. त्या कडकडाटात त्याच्या अगदी मानेमागे एकजण वेगळ्या टाळ्या वाजवत होता. सावकाश, एकेक करून.

लेनने मागे वळून पाहिलं नाही.

रंगपटात ब्रायनी त्याच्या गळ्यात पडली. "डॅड, खरं सांग. शेवटचं कसं झालं? दुकानातल्यापेक्षा बरं?"

"दुकानातलं काय घेऊन बसलीस!" लेन म्हणाला. "त्याहून कितीतरी." तिच्या कामाबद्दल तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. तिने विश्वास ठेवला, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाटक लंडनला गेलं. तिथून सिनेमा आला, मोठा, आणि पोस्टरवर तिचं नाव सगळ्यांच्या वर. स्कार्बरोत तो लागला तेव्हा लेनने दुकान बंद ठेवून सगळ्या गिऱ्हाइकांना नेलं. शेवटच्या दृश्यात ब्रायनी पावसात उभी होती. लेनला पाऊस ऐकू येत होता, लांबची आगगाडी ऐकू येत होती. तिचे ओठ हलले आणि अंधारात सगळीकडून हुंदके आले. लेननेही रुमाल काढला. त्याला रडू वेगळ्याच कारणाने येत होतं, पण दिवे लागल्यावर सगळ्यांनी त्याचे हात हातात घेतले आणि तो ताठ उभा राहून म्हणाला, "माझीच आहे ती."

वसंतात तिला अमेरिकेत काम मिळालं, लांबचं, वर्षानुवर्षांचं. ती निरोप घ्यायला आली. स्टेशनवर लेनबरोबर मिसेस जोवेटही होत्या. गाडी लागली होती.

"जेवत जा वेळेवर," लेन म्हणाला. "आणि त्यांना सांग, बाप चिप्सवाला आहे म्हणून. लाजू नकोस."

"पहिल्या दिवशीच सांगणार आहे," ब्रायनी म्हणाली. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ती बोलू लागली.

ती बराच वेळ बोलली. तिचे डोळे भरून आले. लेन तिच्या ओठांकडे बघत होता. एक शब्द तरी, अर्धा तरी. ती थांबून त्याच्याकडे बघे, उत्तराची वाट पाही, आणि तो मान हलवे. शेवटी तिने काहीतरी विचारलं. त्याने जोरात होकाराची मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, ती आत चढली, दारं मिटली.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो हात हलवत राहिला.

"किती मोठी झाली माझी पोर," तो म्हणाला.

मिसेस जोवेटनी त्याचा दंड घट्ट धरला होता.

"लेन," त्या हळूच म्हणाल्या, "तू करशील ते? ती म्हणाली तसं?"

"म्हणजे काय! का नाही करणार?" लेन छाती काढून म्हणाला. "माझी मुलगी आहे. तिने मागितलं आणि मी दिलं नाही, असं कधी झालंय?"

मिसेस जोवेटनी त्याचा दंड सोडला, आणि भेदरून त्या त्याच्यापासून एक पाऊल मागे सरल्या.