दुपारी दीडचा खेळाडू

“आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी?” मी भिंग बदलत विचारलं.

“मघाशी. मघाशी तुम्ही जरा जवळ उभ्या होतात.”

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागून मला सहा वर्षं झाली होती. असली उत्तरं देणारे बरेच पाहिले होते. पण हा बोलून स्वतःच इतका लाजला, की मला हसू आवरेना.

“डोळे एवढे लाल? दिवसभर काय बघता?”

“माणसं. सहा टेबलांवरची... एकदम.”

तो ऑनलाइन पोकर खेळायचा, म्हणजे पैसे लावून पत्ते. तेच त्याचं पोटापाण्याचं काम. चष्मा न्यायला आला. मग दांडी सैल झाली म्हणून आला, मग ती घट्ट झाली म्हणून. चौथ्यांदा मीच म्हटलं, “पुढच्या वेळी काच फोडूनच आणा.”

“त्यापेक्षा तुम्हीच या ना... खेळ बघायला.”

गेले. रविवारची दुपार होती. त्याच्या खोलीखालच्या लाँड्रीतून गरम इस्त्रीचा वास वर येत होता. दोन पडद्यांवर सहा हिरवी टेबलं, आणि माझ्या कोपराला अधूनमधून लागणारं त्याचं कोपर.

“चेहरे दिसत नाहीत, मग ओळखतोस कसं?” ‘अहो’ कधी गळून पडलं, कळलंच नाही.

“वेळेवरून. हा बघ, पानं चांगली आली की उगाच रेंगाळतो. ही थाप मारायची असली की झटकन बटण दाबते.”

“आणि मी?”

“तुझं काहीच कळत नाही. म्हणून तर चष्मा सारखा सैल होतो.”

मी लाजून मान वळवली, तर समोर त्याची वही. प्रत्येक खेळाडूबद्दल दोन-दोन ओळी. ‘बिनसाखर : दुपारी दीडला येतो. मंगळवारी, शुक्रवारी नाही. हरला की सात मिनिटं गायब. परतला की रागाने सगळं लावतो. तेव्हा घ्यायचं.’

मी ते पुन्हा वाचलं. मंगळवारी आणि शुक्रवारी मी बाबांना डायलिसिसला नेत असे, आणि ‘बिनसाखर’ हे त्यांचं चहा मागतानाचं रोजचं पालुपद. आई गेल्यापासून ते दुपारभर फोन घेऊन बसायचे. मला वाटायचं, बरंय, जीव रमतोय.

“हे... माझे बाबा आहेत.”

त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चालू डाव तसेच टाकून सहाही टेबलं बंद केली.

“मी सांगतो त्यांना.”

“नको रे. नुसतं खेळू नकोस त्यांच्याशी.”

“त्यांच्यापासून लपवून तुझ्याकडे कसं बघू?”

शनिवारी तो घरी आला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चहा होईपर्यंत ते रंगातही आले.

“पोकर? अरे, मीही खेळतो! एक ‘घुबड’ म्हणून आहे. मी कधी चिडलोय, कधी थापा मारतोय, सगळं ओळखतो लेकाचा. हिची आई गेल्यावर माझ्याकडे इतकं लक्ष कोणी दिलं नव्हतं बघ.”

त्याने कप खाली ठेवला. “काका... ते घुबड मीच.”

बाबा आधी खरोखर आनंदाने हसले. मग हळूच म्हणाले, “मी मधेच उठून जायचो, तेव्हा काय करायचास?”

“वाट बघायचो. परत आलात की तुम्ही हरणार, हे ठाऊक असायचं.”

“दर वेळी हिच्या आईच्या कुंड्यांना पाणी घालायला जायचो मी.” एवढं बोलून बाबा भिंतीला धरत आतल्या खोलीत गेले. गॅलरीतली सगळी झाडं मुळाशी का कुजली, ते मला तेव्हा कळलं.

जिन्यात तो म्हणाला, “माझं प्रेम आहे तुझ्यावर. आज तेही सांगणार होतो...”

“माझंही आहे.”

“मग?”

“तू समोर आलास की त्यांना रोज हरल्यासारखं वाटेल रे. आणि त्यांना माझ्याशिवाय...” त्याने माझा हात क्षणभर गालाशी धरला, सोडला, आणि खाली उतरून गेला.

बाबांनी खेळ सोडला. त्यानेही सोडल्याचं कानावर आलं. दूरच्या एका शाळेत गणित शिकवायला लागला म्हणे.

दीड वर्षाने, डायलिसिसच्या खाटेवर पडल्या पडल्या बाबा एकदम म्हणाले, “तो पोरगा खरं बोलला गं. त्याला तसं जाऊ द्यायला नको होतं मी. बोलाव ना एकदा.”

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. “बोलावते हं,” म्हटलं.

त्याच्या लग्नाला तेव्हा दोन आठवडे झाले होते.