धुऱ्यावरचा दुपट्टा

कोणी मानो वा न मानो, मार्गशीर्षातल्या त्या संध्याकाळी साखरखेर्ड्याच्या शिवारात जे घडलं, ते योगिनीने स्वतः भोगलं आहे.

प्रशिक्षणाच्या छोट्या विमानात ती एकटीच होती. डावं चाक अडकलेलं. ना पुरतं खाली येईना, ना आत जाईना. ते सुटावं म्हणून घिरट्या घालता घालता इंधन सरलं. धावपट्टी दूर राहिली.

"योगिनी, सपाट शेत बघ. घाबरू नकोस, मी बोलतोय..."

प्रशिक्षक गजेंद्र सरांचा रेडिओवरचा आवाज तिथेच तुटला.

"सर? सर, बोला ना!"

नुसती खरखर.

खाली उजेड मावळत होता. धुरे, झाडं, विहिरी एकाच काळोखात विरघळत होत्या.

आणि तेव्हा तो दिसला...

रिकाम्या शेताच्या टोकाला, धुऱ्याच्या बांधावर, पांढरा दुपट्टा ताणून उभा असलेला माणूस.

योगिनी शेतकऱ्याची लेक. पेरणीचं पहिलं तास, पहिली ओळ, सरळ निघावी म्हणून समोरच्या धुऱ्यावर असाच कोणी उभा राहतो. तिफण हाकणाऱ्याने दुपट्ट्यावरून नजर हलवायची नसते.

तिनेही हलवली नाही.

ढेकळं अंगावर धावून आली. धूळ उसळली. माणूस मात्र जागचा हलेना...

"बाबा, बाजूला व्हा! बाजूला व्हा हो!"

विमान थांबलं. समोर कोणीच नव्हतं.

शेजारच्या शेतातून शेषराव आणि त्यांची बायको अन्नपूर्णा धावत आले.

"लागलं काय वं पोरी?"

"मला नाही! विमानाखाली माणूस आहे... दुपट्टा धरून उभा होता. आधी त्याला काढा!"

शेषरावांनी वाकून सगळीकडे पाहिलं.

"कोनी नाई, बाई. बैल नाई, तिफण नाई... दुपट्टा कोन कायले धरीन?"

योगिनी धडपडत पुढे निघाली. अन्नपूर्णाबाईंनी तिचा दंड घट्ट पकडला.

"तिकडं नको जाऊ वं!"

विमानाच्या नाकापुढेच, धुऱ्यालगत गवतात दडलेली, बिनकठड्याची विहीर होती. अडकलेलं डावं चाक ढेकळांत रुतलं, म्हणून विमान अलीकडे थांबलं होतं.

"कडूबानं वाचवलं पोरीले," अन्नपूर्णाबाई पुटपुटल्या. "समद्या शिवाराचा दुपट्टा तोच धरे."

"वाचवलं?" शेषरावांची नजर विहिरीवरून हटेना. "याच विहिरीत बुडून मेला ना तो. वाचवाचं असतं, तं विहिरीच्या तोंडाशी काऊन उभा राह्यला असता?"

अन्नपूर्णाबाईंनी योगिनीला आणखी मागे ओढलं.

योगिनी आजही विमान उडवते. उतरताना नजर समोर ठेवावीच लागते.

आणि कधी कधी, धावपट्टीच्या पार टोकाला, काहीतरी पांढरं ताणलेलं असतं...