खाजणातलं थांबलेलं पाणी

"बाई, तुमच्या पायांशी पाणी आलंय."

मी दचकून वर पाहिलं. सपाट होडीत उभा असलेला एक रापलेला, उंच तरुण हसू दाबत होता... आणि खरंच, माझे बूट भिजले होते. बॉस्टनच्या उत्तरेला, न्यूबरीच्या खाजणात भरती येते ती अशीच, चाहूल न देता. गवताच्या गंज्यांवर उतरलेलं ऊन रंगवताना मला भानच राहिलं नव्हतं.

त्यानं मला, माझ्या रंगांच्या पेटीला आणि ओल्या कॅनव्हासला होडीत घेतलं. नाव जोथम नोयेस, काम खाजणातलं गवत कापायचं. चित्राकडे तो इतका वेळ बघत राहिला, की होडी काठावर आपटली.

"हे पाणी भरतीचं नाही, ओहोटीचंही नाही," तो हळूच म्हणाला. "मधलं आहे... थांबलेलं. मला वाटायचं, हे फक्त आम्हा गवतवाल्यांनाच दिसतं."

मी ब्रश पुसत राहिले. गाल मात्र तापले.

त्या उन्हाळ्यात पाणी थांबायची वेळ मला पाठ झाली, आणि नेमकं तेव्हाच त्याचा कोयता थांबायचा.

"तुमचं गवत संपणार तरी कधी?" मी एकदा विचारलं.

"तुमचं चित्र संपलं, की लगेच."

चित्रकला मला शिकवली ती अमोसकाकांनी. चित्र बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. बॉस्टनच्या प्रदर्शनाला धबधबे लागतात, कडे लागतात, इथे तर काही घडतच नाही, असं त्यांचं म्हणणं. वादळ घातल्याशिवाय शिफारसपत्र द्यायला ते तयार नव्हते.

मी कोपऱ्यात एक काळा ढग काढला.

दुसऱ्या दिवशी जोथमनं तो पाहिला. "कसा वाटतो?" मी विचारलं.

"पुसून टाका," तो म्हणाला. "वादळ काय, सगळ्यांनाच दिसतं."

मी ढग पुसला. शिफारशीविना चित्र धाडलं, खाली माझं पूर्ण नाव – ड्रुसिला पिंग्री.

ते घेतलं गेलं, पण दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टांगलं. तरी पहिल्याच दिवशी तिथे गर्दी जमली. गडबडीनं येणारी माणसं चित्रापुढे थांबत, आवाज खाली आणत. दुपारी चित्र उचलून दालनाच्या मधल्या भिंतीवर लावलं गेलं. काकांनी सगळ्यांदेखत टोपी काढली. "चुकलो मी, पोरी," म्हणाले.

त्यांच्या मागे जोथम होता. रविवारचा कोट खांद्यांत घट्ट बसलेला. चित्राकडे त्याचं लक्षच नव्हतं... तो माझ्याकडे बघत होता.

"घराची भिंत फोडून एक मोठी खिडकी केलीय," तो अडखळत म्हणाला. "उत्तरेकडे. चित्रकारांना तिकडचा उजेड लागतो, असं तुमचे काका म्हणाले. खोली... रिकामीच आहे."

भोवती सगळं बॉस्टन उभं होतं. मी त्याचा हात हातात घेतला.

"रिकामी कशी राहील?" मी म्हणाले. "मी येतेय ना, जोथम. तू फक्त होडी घेऊन मला घ्यायला ये."