वडिलांच्या नावापुढं

चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात अर्जुना सांगलीला मुलाखतीला निघाला, तेव्हा त्याचा बाप बिराप्पाही सोबत आला. आटपाडीकडच्या त्या धनगरवाडीत बी. कॉम. झालेला अर्जुना पहिलाच. सर्टिफिकेटांना घडी पडू नये म्हणून बिराप्पानं ती धडप्यात गुंडाळून एस.टी.त सगळी वाट मांडीवर धरली होती.

वखारभागातल्या त्या हळदीच्या पेढीपाशी दोघं अकराला पोचले. रस्ता पिवळा, हमालांच्या भुवया पिवळ्या, हवा नाकात चरचरणारी.

"तू जा. मी हितंच बसतो," बिराप्पा म्हणाला आणि समोरच्या लिंबाखाली घोंगडी टाकून बसला. अर्जुनाला हायसं वाटलं. तसं वाटल्याचं त्याला वाईटही वाटलं.

आत दीड तास कुणी विचारलं नाही. मग हाक आली. साहेब टेबलावर पाय टाकून नखं कापत बसले होते. सगळ्या पेढीत त्यांच्याच कपड्यांवर हळदीचा कण नव्हता. खोलीत वासही नव्हता.

"बस" म्हणाले नाहीत. सर्टिफिकेटं घेतली, वाचली नाहीत. एक नख उडून पदवीच्या कागदावर पडलं, ते तिथंच राहिलं.

"मेंढरं राखायची सोडून हिशेबात कुठं शिरतोस?"

अर्जुना कसनुसा हसला.

"इंग्रजीत बोल काहीतरी."

तो बोलला. तीन वाक्यं झाली तोवर साहेब मान मागं टाकून हसायला लागले होते. "परत बोल," म्हणाले. तो परत बोलला. कानाच्या पाळ्या तापल्या, पण नोकरी पाहिजे होती.

मग साहेबांनी खिडकीकडं बोट केलं. "तो घोंगडीवाला कोण? सकाळधरनं दारात बसलाय. तुझ्याबरोबरचा का?"

लिंबाखाली बिराप्पा गुडघ्यावर भाकरी ठेवून खात होता. खिडकीकडंच बघत होता.

"न्हाई, साहेब. वळकीचा न्हाई."

"मग वडील?"

शब्द तोंडात आधीच येऊन बसल्यासारखा बाहेर पडला. "वारले."

"कधी?"

अर्जुना मनात एखादी तारीख शोधू लागला.

"राहू दे," साहेब समजुतीनं म्हणाले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच ते नीट बोलले. "तारीख मी घालतो. तू फक्त सही कर."

त्यांनी फॉर्म पुढं सरकवला. वडिलांच्या नावापुढं 'मयत' लिहिलेलं होतं आणि पुढं आजची तारीख. अर्जुनानं सही केली. अंगठा त्या अक्षरांवरून घसरला, पण शाई पसरली नाही. ती कधीचीच वाळलेली होती. साहेबांनी त्याच्यासमोर तरी टाक उचललाच नव्हता.

"ये आता. कळवू."

बाहेर ऊन डोळ्यांत घुसलं. बिराप्पा उठला.

"झालं व्हय रं? सायेब बरा हाय का?"

"बरा हाय, आबा. चला."

रस्ता ओलांडताना पोतं घेतलेला हमाल सरळ बिराप्पाच्या अंगावर आला. म्हातारा कसाबसा बाजूला झाला. "दिसत न्हाई व्हय रं?" म्हणून ओरडला. हमालानं वळूनही बघितलं नाही.

एस.टी.त बिराप्पा खिडकीशी बसला. कंडक्टर आला.

"आटपाडी. दोन."

"दुसरं कोण?"

"हे काय, आबा."

कंडक्टरनं खिडकीकडं बघितलं, मग अर्जुनाकडं. "ऊन लागलं का गड्या तुला?" एकच तिकीट फाडून तो पुढं गेला.

अर्जुनानं मान वर केली नाही. तासगाव गेलं. विटं गेलं.

"आत माझं काय इचारलं व्हतं का रं?" बिराप्पानं बाहेर बघतच विचारलं.

"न्हाई, आबा."

"बरं."

दिवस मावळायला दोघं वाडीत शिरले. दारातला कुत्रा फक्त अर्जुनाच्या पायांशी घोटाळला.

आई, धोंडुबाई, तांब्या घेऊन बाहेर आली. "आलासा व्हय दोघं? आवं, किती उशीर!" म्हणत तिनं तांब्या बिराप्पाच्याच हातात दिला. अर्जुनाच्या जिवात जीव आला. आईला तरी आबा दिसत होते.

मग ती उजेडाकडं वळली.

कपाळ कोरं होतं. पुसल्याची खूण नाही, कुंकू कधी लागलंच नसावं इतकं कोरं. गळा मोकळा. हातात बांगडी नाही. ती मात्र रोजच्यासारखी हसत होती. "हात-पाय धुवा, भाकरी टाकते," म्हणाली आणि आत गेली.

अर्जुना जागचा हलला नाही.

बिराप्पा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिला. मग त्यानं तांब्या तसाच, भरलेला, उंबऱ्यावर ठेवला.

"जेवून घे जा," तो हळूच म्हणाला. "तिला एवढ्यात काय सांगू नगंस."